मुंबईत सीझन बॉलचं (कठीण चामडी चेंडूचं) क्रिकेट सुरू करताना: बोर्ड काय बघतं, संघटना काय बघते आणि तुम्ही कुठे जायचं

चर्चगेटला वानखेडे स्टेडियमच्या आवारात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचं म्हणजे बीसीसीआयचं मुख्यालय आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनचं म्हणजे एमसीएचं कार्यालयही तिथेच. त्यामुळे अनेक पालक मुलाचं किंवा मुलीचं नाव ‘बोर्डात घालायला’ सरळ तिथे जातात आणि फाटकावरूनच परत येतात. बोर्ड कुठल्याही मुलाचं नाव थेट नोंदवून घेत नाही. नाव संघटनेकडून जातं आणि संघटनेला ते कळतं क्लब आणि शाळांच्या सामन्यांतून. हा क्रम नीट कळला तर वर्ष-दोन वर्षांची वणवण वाचते. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

१. आधी कोणाचं काम काय ते समजून घ्या

बीसीसीआयची स्थापना १९२८ ची. आज तिच्या देशांतर्गत स्पर्धांमध्ये ३८ संघ खेळतात. बोर्डाच्या हातात असतात राज्य संघटनांच्या संघांमधल्या सगळ्या वयोगटांच्या स्पर्धा, त्यांचं वेळापत्रक, पंच आणि सामनाधिकारी, वयाची तपासणी, सामन्यांचं मानधन आणि बंगळूरची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी (एनसीए). ही अकादमी २००० साली सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचं नवं केंद्र बंगळूर विमानतळाच्या बाजूला सुरू झालं, तिथे तीन मैदानं आहेत. या सगळ्याला पैसा मुख्यतः सामन्यांच्या प्रसारण हक्कांतून येतो. नुसत्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यातला वाटा राज्य संघटनांना मिळतो आणि तुमच्या मुलाच्या वयोगटाचा संघ परगावी खेळायला जातो तो याच व्यवस्थेच्या जोरावर.

एमसीएचं काम म्हणजे मुंबईतले क्लब, शाळा, कॉलेजं आणि ऑफिसांच्या स्पर्धा घेणं, निवड समित्या नेमणं, ट्रायल्स घेणं आणि मुंबईचा संघ निवडून बोर्डाच्या स्पर्धेत उतरवणं. बोर्ड मुंबईचा संघ निवडत नाही. मुलाला १६ वर्षांखालच्या संघात घेतलं नाही म्हणून बीसीसीआयला पत्र लिहिण्याचा काही उपयोग नसतो, कारण तो निर्णय पूर्णपणे एमसीएच्या निवड समितीचा असतो.

शाळांच्या जाइल्स शिल्ड आणि हॅरिस शिल्ड या स्पर्धा मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन घेते. ही तिसरी संस्था आहे. जाइल्स १४ वर्षांखालच्यांसाठी, हॅरिस १६ वर्षांखालच्यांसाठी. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेकडून नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली, ती हॅरिस शिल्डमध्येच.

चौथा प्रवाह सरकारी आहे: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय क्रीडा स्पर्धा, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या क्रमाने. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी त्या उपयोगी आहेत. पण त्या वाटेने मूल राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत गेलं तरी त्यातून रणजीचा दरवाजा उघडत नाही. दोन्ही वाटा एकदम चालता येतात, फक्त एकीचं प्रमाणपत्र दुसरीकडे चालेल असं धरून बसू नका.

२. तुम्ही मुंबईच्या संघटनेत येता का, ते बघा

महाराष्ट्रात बोर्डाच्या तीन वेगळ्या संघटना आहेत: मुंबई, पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आणि नागपूरची विदर्भ क्रिकेट असोसिएशन. ‘महाराष्ट्राच्या संघात निवड झाली’ असं कुणी म्हणालं तर तो मुंबईचा संघ नव्हे. नवीन आलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मुंबईकडून खेळायला दादर-माटुंग्यातच घर लागतं असं नाही. पृथ्वी शॉ विरारचा, शार्दूल ठाकूर पालघरचा. ठाणे, नवी मुंबई, वसई-विरारची मुलं मुंबईच्याच मैदानांवर येतात. पण रायगडच्या बाजूला राहत असाल, किंवा वडिलांच्या बदलीमुळे नुकतेच दुसऱ्या जिल्ह्यातून आला असाल, तर क्लबची फी भरण्याआधी एमसीएच्या कार्यालयात पत्ता आणि शाळेचं नाव दाखवून पात्रता विचारून घ्या. जन्म, राहण्याचं ठिकाण आणि शिक्षण या तिन्हींचे पुरावे त्यासाठी बघितले जातात.

आधी दुसऱ्या राज्याच्या संघटनेकडे नाव गेलेलं असेल तर तिथलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मोठ्या खेळाडूंनाही हे चुकत नाही. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला तो याच रीतीने. यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये गोव्याकडे जायला एमसीएकडे प्रमाणपत्र मागितलं आणि नंतर ती मागणी मागे घेतली. कोणी ‘दुसऱ्या राज्यातून खेळवतो, तिथे स्पर्धा कमी आहे’ म्हणून राहण्याचा खोटा पत्ता करायला सुचवत असेल तर तिथेच थांबा. रहिवासाच्या खोट्या कागदांसाठी बोर्ड दोन वर्षांची बंदी घालतं.

३. कागदपत्रं: बॅट घेण्याआधी ही फाइल तयार करा

– महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा मूळ जन्मदाखला
– आधार कार्ड
– शाळेचा बोनाफाइड दाखला आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या गुणपत्रिका
– पासपोर्ट (सुरुवातीला नसला तरी चालतं, पण वेळ आहे तोवर काढून ठेवा)
– आई-वडिलांच्या राहण्याचे पुरावे: वीजबिल, रेशन कार्ड किंवा नोंदणीकृत भाडेकरार
– पासपोर्ट आकाराचे फोटो, पांढरी पार्श्वभूमी, किमान दहा
– दुसऱ्या संघटनेकडून आला असाल तर ना हरकत प्रमाणपत्र

प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती दोन संच आणि मोबाइलमध्ये स्पष्ट स्कॅन ठेवा. ट्रायल्सची सूचना कित्येकदा थोडेच दिवस आधी येते. त्या दिवसांत वॉर्ड ऑफिसच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

अडचण येते ती नावात. जन्मदाखल्यावर नुसतं ‘बाळ’ किंवा नावाची जागा मोकळी, आधारवर वडिलांचं नाव नाही, शाळेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं. प्रत्येक कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. जन्मदाखल्यात नाव घालण्याचं काम जन्माची नोंद झाली त्या वॉर्डाच्या आरोग्य खात्यात होतं. ते आधी करा आणि मग आधार आणि शाळेची नोंद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फेऱ्या पडतात. जन्मतारखेला मात्र हात लावू नका. खेळायला लागल्यावर बदललेली जन्मतारीख सरळ संशयात जाते.

जन्माची नोंद कधी झाली हेही दाखल्यावर बघा. जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंद झालेली असेल तर १९ वर्षांखालच्या स्पर्धांत किती हंगाम खेळता येईल यावर बोर्ड मर्यादा घालतं. हा नियम २०२० मध्ये आला आणि गावी जन्म होऊन नोंद मागाहून झालेल्या मुलांना तो हमखास लागतो. अशा वेळी रुग्णालयाचं जुनं कार्ड, लसीकरणाची वही, बालवाडीच्या प्रवेशाची नोंद असं जे मिळेल ते शोधून फाइलीत लावा.

४. क्लब आणि शाळा निवडताना काय बघायचं

‘अकादमी’ आणि ‘क्लब’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक न कळल्यामुळे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. अकादमी फी घेऊन सराव देते. क्लब एमसीएशी संलग्न असेल तर मुलाची त्या क्लबकडून नोंदणी होते आणि तो एमसीएच्या स्पर्धांत खेळतो. काही अकादम्यांचा स्वतःचा संलग्न क्लब असतो, बऱ्याच जणांचा नसतो. पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारा:

– तुमचा क्लब एमसीएशी संलग्न आहे का, कुठल्या नावाने?
– कांगा लीगमध्ये (पावसाळ्यातली क्लबांची स्पर्धा) तो कुठल्या विभागात खेळतो?
– माझ्या मुलाच्या वयोगटाचे मागच्या हंगामात किती सामने झाले?
– नोंदणी झाल्यावर मुलाला खेळवणार की नुसतं यादीत ठेवणार?

चौथ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर दुसरीकडे बघा. एका हंगामात खेळाडू एकाच क्लबकडून नोंदला जातो. मोठ्या नावाच्या क्लबात बाकावर बसून वर्ष घालवण्यापेक्षा खालच्या विभागातल्या क्लबात दर रविवारी खेळलेलं केव्हाही बरं. निवड समितीसमोर धावा आणि बळी येतात, क्लबच्या टी-शर्टला तिथे किंमत नाही.

सराव कसा चालतो ते एक संध्याकाळभर उभं राहून बघा. साधा हिशोब करा. दोन नेट, तीन तास आणि चाळीस मुलं असतील तर एकूण ३६० मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला फलंदाजीची नऊ मिनिटं येतात. बाकीचा वेळ तो चेंडू आणून देतो. वीस मुलं असतील तर अठरा मिनिटं मिळतात, हे ठीक. खेळपट्टी मातीची आहे की मॅटिंगची (चटई अंथरलेली) तेही विचारा. मॅटवर चेंडू एकसारखा उसळतो आणि मोठे सामने मातीच्या खेळपट्टीवर होतात. फक्त मॅटवर वाढलेल्या फलंदाजाचा पाय ट्रायल्सच्या दिवशी चुकतो, कारण चेंडू खाली राहतो हे त्याने पाहिलेलंच नसतं.

जागांचं म्हणाल तर आझाद मैदान सीएसएमटीला, क्रॉस आणि ओव्हल चर्चगेटला, शिवाजी पार्क दादरला. माटुंगा आणि मरीन लाइन्सच्या जिमखान्यांवरही सामने होतात. बोरिवली किंवा कल्याणहून येणार असाल तर गर्दीच्या वेळी किट बॅग घेऊन लोकलमध्ये शिरणं हा मुलासाठी रोजचा धोका आहे. मैदानावरच्या क्लबच्या तंबूत किट ठेवायची सोय आहे का विचारा. नसेल तर सराव घराजवळ आणि सामने शहरात, अशी विभागणी सुरुवातीची दोन वर्षं पुरते.

शाळा बदलायची का? मुंबईत क्रिकेटसाठी शाळा बदलायची रीत जुनी आहे. सचिनलाही प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सांगण्यावरून शारदाश्रमात घातलं होतं. पण शाळेच्या संघात त्या वयोगटात जागा आहे का, हे आधी प्रशिक्षकाला विचारा. पंधरा जणांच्या संघात आठ जण आणखी दोन वर्षं राहणार असतील तर शाळा बदलून काही हाती लागत नाही.

सामानात तीन गोष्टींवर काटकसर करू नका: हेल्मेट, गार्ड आणि बॅटचा आकार. हेल्मेटवर बीएस ७९२८:२०१३ हे मानांकन शोधा. जोराचा चेंडू लागलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला. बॅट ‘दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठी घेऊ नका. जड बॅटने वरचा हात सैल पडतो आणि मूल आडव्या बॅटने खेळायला लागतं. ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं. चेंडूचंही वजन ठरलेलं आहे: पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१, तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा चेंडू टाकायला लावणारा प्रशिक्षक त्याच्या खांद्याचं नुकसान करतो. धोबी तलावच्या दुकानांत सगळी मापं मिळतात, मुलाला सोबत नेऊन बॅट हातात देऊन बघा.

५. वयोगट कसे मोजतात

बोर्डाच्या स्पर्धांसाठी तारीख धरतात १ सप्टेंबर. २०२४-२५ च्या हंगामात १९ वर्षांखालच्या गटासाठी जन्म १ सप्टेंबर २००५ किंवा त्यानंतरचा लागत होता. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी १ सप्टेंबर २००८ ते ३१ ऑगस्ट २०१० या दरम्यानचा. म्हणजे चौदा पूर्ण झाल्याशिवाय या गटात प्रवेश नाही. पुढच्या हंगामांसाठी तारखा एकेक वर्ष पुढे सरकवा. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल गटातलं सगळ्यात लहान ठरतं आणि सप्टेंबरमधलं सगळ्यात मोठं. चौदा-पंधराव्या वर्षी एका वर्षाचा फरक शरीरात फार दिसतो. ऑगस्टच्या मुलाला पहिल्या वर्षी डावललं तर खचू नका. त्याला पुढच्या गटात भरपूर वेळ असतो.

शालेय स्पर्धांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, म्हणून हॅरिस शिल्डला चाललेलं मूल एमसीएच्या गटात बसेलच असं नाही. दोन्ही परिपत्रकं वेगवेगळी वाचा.

६. हाडांची चाचणी

यावर मैदानात सगळ्यात जास्त अफवा फिरतात, म्हणून सविस्तर लिहितो. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि १५ वर्षांखालच्या मुलींसाठी वय तपासायला बोर्ड टॅनर-व्हाइटहाउस, म्हणजे टीडब्ल्यू-३ पद्धत वापरतं. डाव्या हाताच्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, ती हळूहळू हाडात रूपांतरित होते. प्रत्येक हाड त्या प्रवासात कुठल्या टप्प्यावर आहे याला गुण देतात आणि त्यांच्या बेरजेवरून ‘हाडांचं वय’ काढतात.

हाडांचं वय आणि कागदावरचं वय तंतोतंत जुळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. लवकर वयात आलेल्या मुलाचं हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा वर्षभराने जास्त निघू शकतं, जन्मदाखला अगदी खरा असला तरी. तसं झालं तर तो त्या गटातून बाहेर जातो, पण ही शिक्षा नाही आणि खोटेपणाचा शिक्काही नाही. १९ वर्षांखालचा गट त्याला मोकळा असतो. मुलाला हे चाचणीच्या आधीच सांगून ठेवा. पंधरा वर्षांचं पोर निकालानंतर ‘मी खोटा ठरलो’ म्हणून क्रिकेट सोडतं, आणि त्याला समजावणारं कोणी नसतं.

पूर्वी एकदा चाचणी झाली की पुढच्या हंगामासाठी त्या आकड्यात एक वर्ष मिळवायचे आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली की मूल बाद व्हायचं. २०२५ मध्ये बोर्डाने यात बदल केला. आता अशा मुलाला दुसऱ्यांदा चाचणीची संधी मिळते. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं झालं तर एमसीएकडे लेखी विचारणा करा.

खाजगी लॅबमध्ये आधीच एक्स-रे काढून ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीने वय काढतात आणि बोर्ड स्वतःच्या चाचणीशिवाय काही मानत नाही. आणि जन्माचा खोटा दाखला करून देणाऱ्यांना घरात घेऊ नका. बनावट कागद सापडले तर दोन वर्षांची बंदी आहे. त्या वयातली दोन वर्षं म्हणजे अख्खा वयोगट.

७. नोंदणी, स्पर्धा, ट्रायल्स

क्लब ठरला की क्लबच्या सचिवाकडून एमसीएची खेळाडू नोंदणी करून घ्या. फॉर्म भरला एवढ्यावर थांबू नका, नोंदणी क्रमांक मागून घ्या. फॉर्म क्लबच्या कपाटातच राहिला आणि हंगाम सुरू झाल्यावर कळलं, असं दरवर्षी कुणा ना कुणाचं होतं.

वर्षाचा साधारण क्रम असा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एप्रिल-मेमध्ये १४ आणि १६ वर्षांखालच्यांच्या सुट्टीतल्या स्पर्धा आणि शिबिरं होतात. पावसाळ्यात कांगा लीग. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा ए ते जी अशा सात विभागांत होते. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू उशिरा आणि अंगाजवळ खेळायला मूल इथे शिकतं. चौदा-पंधराच्या मुलाला खालच्या विभागात मोठ्या माणसांसोबत खेळायला मिळालं तर जरूर खेळवा. दिवाळीच्या पुढे-मागे शालेय मोसम तापतो, आणि बोर्डाच्या वयोगटांच्या स्पर्धा ऑक्टोबरपासून सुरू होतात.

ट्रायल्सची सूचना एमसीएच्या संकेतस्थळावर आणि संलग्न क्लब-शाळांना जाते. ट्रायल्सला काय होतं? फलंदाजाला दहा-बारा चेंडू मिळतात, कधी त्याहूनही कमी. गोलंदाजाला दोन षटकं. एवढ्यावर कोणाची निवड ठरत नाही आणि ठरूही नये. निवड समितीच्या हातात आधीच्या स्पर्धांची कामगिरी असते. म्हणून प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रिकेचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, षटकं, दोन्ही पंचांच्या सह्या. क्रिकहीरोज ॲपवरचं गुणलेखन सोयीचं आहे, पण त्यात मित्रांच्या टेनिस बॉलच्या सामन्यांच्या धावाही मिसळतात. एमसीएचे सामने वेगळे लिहून ठेवा.

ट्रायल्सला जाताना पांढरे कपडे, स्वतःचं किट, फाइल, पाणी आणि डबा न्या. पालकांनी दोरीबाहेर थांबावं. निवड समितीच्या सदस्याशी ‘जरा ओळख करून’ घ्यायला जाऊ नका, त्याने मुलाचं नुकसानच होतं.

ट्रायल्सनंतर संभाव्य खेळाडूंची यादी लागते, त्यांच्यात निवड सामने होतात आणि मग संघ जाहीर होतो. संभाव्य यादीतली मुलं संघापेक्षा दुपटीहून जास्त असतात. यादीत नाव आलं म्हणून सोसायटीच्या गेटवर फलक लावायची घाई करू नका, मुलावर नको ते ओझं येतं.

८. मुंबईच्या संघातून पुढे

१६ वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट ट्रॉफी, तीन दिवसांचे सामने. १९ वर्षांखालच्यांसाठी विनू मांकड ट्रॉफी एकदिवसीय आणि कूचबिहार ट्रॉफी चार दिवसांची. मग २३ वर्षांखालची कर्नल सी. के. नायडू ट्रॉफी. वरिष्ठांत ५० षटकांची विजय हजारे, टी-२० ची सय्यद मुश्ताक अली आणि रणजी. मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली आहे, बेचाळिसावी मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून. ही परंपरा अभिमानाची आहे, पण त्यामुळेच या संघातली प्रत्येक जागा महाग आहे.

बोर्डाच्या स्पर्धांत चमकलेल्या मुलांना बंगळूरच्या केंद्राच्या शिबिरांना बोलावतात. तिथे अर्ज करून जाता येत नाही, आणि ‘एनसीएमध्ये ॲडमिशन’ विकणारा माणूस खोटं बोलतोय असं खुशाल समजा. १९ वर्षांखालचा विश्वचषक एका खेळाडूला एकदाच खेळता येतो, हा बोर्डाचा नियम आहे. त्यामुळे तिथेही दरवेळी नवी मुलं लागतात.

मानधनाबद्दल पालक संकोचाने विचारतात, पण विचारायलाच हवं. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे रणजी खेळणाऱ्याला २० सामन्यांपर्यंत दिवसाला ४० हजार, पुढे ४० सामन्यांपर्यंत ५० हजार आणि त्याहून अनुभवींना ६० हजार रुपये मिळतात. राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. अकरावी-बारावीत शिक्षण सोडवण्याचा विचार करत असाल तर हे आकडे वर्षभरात खेळायला मिळणाऱ्या दिवसांच्या संख्येने गुणून बघा. संघात जागा टिकली तरच ते खरे. शिक्षण चालू ठेवा. कॉलेज आणि ऑफिस क्रिकेट मुंबईत अजून जिवंत आहे आणि क्रीडा कोट्यातल्या नोकऱ्या पदवीवाल्यांनाच चांगल्या मिळतात.

९. मुलींसाठी

रचना हीच आहे, गट थोडे वेगळे: १५, १९, २३ वर्षांखालील आणि वरिष्ठ. महिला क्रिकेट २००६ मध्ये बीसीसीआयकडे आलं, त्याआधी ते वेगळ्या संघटनेकडे होतं. ऑक्टोबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मानधन पुरुषांइतकंच आहे: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने विश्वचषक जिंकला. त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज वांद्र्याची. त्यामुळे आता मुलींची रांग वाढते आहे आणि वाढायलाच हवी.

अडचण आहे सामन्यांची. मुलींचे संघ थोडे, म्हणून सामने थोडे. चौदा वर्षांपर्यंत मुलांच्या संघातून खेळवणारा क्लब मिळाला तर तो निवडा. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा आहे का, हे बघायला लाजू नका, लेखी विचारा. कित्येक जुन्या तंबूंत ती सोय अजूनही नाही आणि त्यापायी मुली सराव सोडतात.

१०. औषधं

ऑगस्ट २०१९ पासून बोर्डाचे खेळाडू नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, तपासणीखाली येतात. त्याच वर्षी पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली. कारण टर्ब्युटालिन, जे खोकल्याच्या औषधांत सर्रास असतं. मुंबईच्या हवेत घरोघरी खोकल्याची बाटली असते, म्हणून हे गांभीर्याने घ्या. मूल संभाव्य यादीत आलं की केमिस्टकडून परस्पर औषध घेणं बंद करा. प्रत्येक औषधाचं नाव नाडाच्या यादीत तपासा. दम्याचा इनहेलर चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उपचारासाठीची सवलत आधी मागा, तपासणीनंतर नाही. जिममधल्या प्रोटीनच्या डब्यांतही काय मिसळलंय ते लेबलवरून कळत नाही. वाढत्या मुलाला अंडी, दूध, कडधान्यं पुरतात.

११. पैसे मागणारे

‘नॅशनल’, ‘इंडिया’, ‘फेडरेशन’ अशी नावं लावलेल्या खाजगी स्पर्धा निळी जर्सी, पदक आणि प्रमाणपत्र देतात आणि त्यासाठी हजारो रुपये घेतात. बोर्डाच्या वाटेवर त्या प्रमाणपत्राची किंमत शून्य. त्याहून वाईट म्हणजे, बोर्डाकडे नोंद असलेल्या खेळाडूने मान्यता नसलेल्या लीगमध्ये खेळलं तर कारवाई होऊ शकते. कुठल्याही स्पर्धेत नाव देण्याआधी एकच गोष्ट विचारा: एमसीएची लेखी परवानगी आहे का? असेल तर ते पत्र दाखवतात.

राज्याच्या संघात जागा मिळवून देतो म्हणून रोख मागणारे फोन ट्रायल्सच्या आधी हमखास येतात. फोनची नोंद जपून ठेवा, पैसे देऊ नका, पोलिसांत आणि एमसीएला लेखी कळवा. एकदा पैसे दिलेत तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही, आणि असली माणसं तेच धरून चालतात.

१२. बॅट-बॉल सोडूनही वाटा आहेत

पंच, गुणलेखक आणि प्रशिक्षक हीदेखील बोर्डाच्याच रचनेतली कामं आहेत. सतरा-अठराव्या वर्षी संघातली जागा हुकलेल्या कित्येकांसाठी ती खरी कारकीर्द ठरू शकते. पंच व्हायचं तर आधी एमसीएची परीक्षा, काही वर्षं क्लब आणि शालेय सामने, मग बोर्डाची परीक्षा. ती सोपी नाही: २०२२ मध्ये अहमदाबादला महिला आणि कनिष्ठ गटांच्या सामन्यांसाठी १४० जणांची परीक्षा झाली, पास झाले तीन. २०० गुणांपैकी लेखी १००, तोंडी आणि व्हिडिओ प्रत्येकी ३५, शारीरिक चाचणी ३०, पात्रतेची रेषा ९०. नियम पाठ करणारे लेखीत तरतात आणि व्हिडिओत अडकतात. म्हणून कांगा लीगच्या खालच्या विभागात उभं राहून शेकडो अपिलं ऐकणं हीच तयारी.

प्रशिक्षकांसाठी बंगळूरच्या केंद्राचे लेव्हल १ आणि लेव्हल २ अभ्यासक्रम आहेत, नावं संघटनेकडून जातात. गुणलेखनाची परीक्षा एमसीएकडेच विचारा. दहावी-बारावीच्या मुलांनी शाळेच्या सामन्यात वहीवर गुणलेखन करायला सुरुवात केली तर परीक्षेपर्यंत हात बसलेला असतो. वही, दोन रंगांची पेनं आणि खोडरबर एवढंच सामान लागतं.